घरच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक पंप आणि मागे खोदायची बकेट: कुणी केलंय का?

डाळिंबवाला_सांगोला
१४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

रामराम मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. शुद्धलेखनावरून झोडपू नका.

दोन वर्षांपूर्वी मी आणि थोरल्या भावाने मिळून घरीच छोटा ट्रॅक्टर बांधला. इंजिन पॉवर टिलरचं, १२ एचपी, एक सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं. क्लच, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग भंगारातल्या जीपचं. चेसिस १०० बाय ५० च्या चॅनेलचा. मागे ८-१८ चे टायर. वे-ब्रिजवर ७५० किलो भरला. फवारणी, कोळपणी, खताची ट्रॉली, सगळं निघतं त्यावर.

आता मागे जेसीबीसारखी छोटी बकेट लावायची आहे. पाइपलाइनीसाठी तीन फूट चर, नवीन लागणीचे खड्डे, आणि मर लागलेली झाडं मुळासकट काढणं, एवढंच काम. जमीन मुरमाड.

भंगारात एक गिअर पंप बघून ठेवलाय. १६ सीसीचा आहे म्हणतो दुकानदार. इंजिनच्या पुलीवरून व्ही-बेल्ट टाकून थेट पंपाच्या शाफ्टवर पुली बसवायची असा बेत आहे. ट्रॉली उचलायचा एक जॅक घरात पडून आहे, तो बूमला (बकेट पेलणाऱ्या मोठ्या दांड्याला) वापरावा म्हणतो. पंप घेऊ का?

---

उसाचा_फड
१४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

फोटो टाका हो आधी! घरी ट्रॅक्टर बांधलाय आणि एकही फोटो नाही?

---

लेथमास्तर
१५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

डाळिंबवाले, तूर्त पंप घेऊ नका.

पट्ट्याचं आधी. साध्या गिअर पंपाचा शाफ्ट फक्त पिळण्यासाठी असतो, बाजूने ओढण्यासाठी नाही. त्यावर थेट पुली बसवून बेल्ट ताणला की आतले बुश एका अंगाने झिजतात, गिअर बॉडीला घासतो आणि दाब पडतो. वर ऑइल सील गळायला लागतं, आणि लोक सीलच बदलत बसतात. माझ्याकडे असे पंप पोत्याने येतात. दोन पेडेस्टल बेअरिंग घ्या, त्यात वेगळा शाफ्ट, पुली त्या शाफ्टवर, आणि शाफ्ट ते पंप मधे रबराच्या स्पायडरचं कपलिंग. दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का ते डायल लावून बघा. डायल नसेल तर निदान पट्टी लावून चारी बाजूंनी बघा. बेल्ट बी सेक्शनचे दोन.

दुसरं, पंपाची फिरायची दिशा. गिअर पंप उजवा किंवा डावा असतो. उलटा फिरवला तर दाब सीलवर येतो आणि सील बाहेर फेकलं जातं. सक्शनचं भोक बहुधा मोठं असतं, त्यावरून ओळखता येतं.

तिसरं, ट्रॉलीचा जॅक. तो एकतर्फी, तेलाने वर जातो आणि वजनाने खाली येतो. बकेटीला खाली दाबायलाही जोर लागतो. दुतर्फी सिलिंडरच हवेत. तो जॅक ट्रॉलीलाच लावा.

---

निवृत्त_यंत्री
१५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मास्तरांशी सहमत. आता १६ सीसीचा हिशेब करून टाकू, वहीत उतरवून घ्या.

सीसी म्हणजे पंप एका फेऱ्यात जेवढं तेल टाकतो ते. सीसी गुणिले आरपीएम भागिले १००० म्हणजे मिनिटाला लिटर. १६ सीसी, १५०० आरपीएम, म्हणजे २४ लिटर. लिटर गुणिले बार भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. १७५ बार दाब धरला तर ७ किलोवॅट, म्हणजे साधारण साडेनऊ एचपी. पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरा, इंजिनाकडून ११ एचपी मागितले जातील. तुमच्याकडे १२, तेही नवं असताना आणि पूर्ण आरपीएमवर. बकेट मुरमात अडकली की इंजिन एक हुंदका देऊन बंद.

११ सीसी घ्या. १५०० ला साडेसोळा लिटर. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की तेल टाकीत सोडणारी झडप) १५० बारला लावा. साडेसहा एचपी लागतील. इंजिन २००० ला फिरत असेल तर इंजिनकडे ६ इंची आणि पंपाकडे ८ इंची पुली, झाले १५००.

जोर कमी पडेल ही भीती नको. ५० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर १५० बारला जवळपास ३ टन ढकलतो, ६३ मिमीचा साडेचार टनांच्या वर. पंप मोठा केला की जोर नाही, वेग वाढतो. जोर दाब आणि बोअर यांवर. ६३ चा बूम सिलिंडर साडेसोळा लिटरवर सेकंदाला पावणेनऊ सेंटिमीटर सरकेल, ४५ सेंटिमीटरचा स्ट्रोक पाच सेकंदांत. जेसीबीच्या ऑपरेटरला झोप येईल, पण तुम्हाला शिकायला बरं.

---

डाळिंबवाला_सांगोला
१५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

मास्तर, काका, दोघांचे आभार. दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या इंटरनेटवाल्यांना विचारून शेती करता का?"

म्हणजे ११ सीसी, पेडेस्टल, दोन बेल्ट. बाकी मग बकेट बनवून मागे थ्री पॉइंटला अडकवली की झालं ना?

---

लेथमास्तर
१५ नोव्हेंबर, रात्री ९:०२

नाही!!!

---

निवृत्त_यंत्री
१५ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मास्तरांच्या तीन उद्गारचिन्हांचा अर्थ सांगतो.

थ्री पॉइंट ही औत ओढायची जोडणी. तिला वर जायची मोकळीक असते. बकेट जमिनीत रुतवून बूम खाली दाबलात की अख्खं यंत्र त्या पिनांभोवती वर उठतं आणि चालवणाऱ्याच्या पाठीवर येतं. मागे वळून बसलेला माणूस तेव्हा बूम आणि स्टिअरिंग यांच्यामधे असतो. टॉप लिंक धरून राहिली तर सगळा जोर हाउसिंगच्या वरच्या भागावर, आणि बीड तडकतं. कारखान्यातून येणाऱ्या बकेटींना म्हणूनच वेगळी सब-फ्रेम असते, ती ट्रॅक्टरच्या पोटाखालून थेट पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाते.

पंपाचं प्रकरण त्या मानाने सोपं. खरी गोष्ट वजनाची. तराजू मांडू.

मागचे दोन पाय, म्हणजे स्टॅबिलायझर, जमिनीला टेकवले की ते तराजूचं टेकण. तुमचा ट्रॅक्टर ७५० किलो. पुढच्या चाकांवर ४० टक्के असेल असं धरतो, व्हीलबेस दीड मीटर. म्हणजे ट्रॅक्टरचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या ०.६ मीटर पुढे आणि पायांच्या १.१ मीटर पुढे. ७५० गुणिले १.१ म्हणजे ८२५. ही पुढची बाजू. मागच्या बाजूला बकेटीचा सांगाडा, समजा ३०० किलो, हात लांब केला की त्याचं वजन पायांपासून १.१ मीटरवर, म्हणजे ३३०. उरले ४९५. हात अडीच मीटर लांब असेल तर टोकाला उचलायला मिळतात किती? १९८ किलो. तेवढंच. त्यापुढे सिलिंडर कितीही टनांचा असो, पुढची चाकं वर.

पुढे बंपरवर १०० किलो वजन लावलंत तर ते पायांपासून २.४ मीटरवर येतं, टोकाला आणखी ९६ किलो मिळतात. लावाच.

रस्त्याने जाताना वेगळाच ताप. दुमडलेल्या अवस्थेतही ते ३०० किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या मीटरभर मागे लटकणार. पुढच्या चाकांवरचे २०० किलो उडाले. ३०० होते, उरले १००. स्टिअरिंग फिरवाल आणि ट्रॅक्टर सरळच जाईल.

---

जांभ्यातला
१६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

काका, हा हिशेब मला चार वर्षांपूर्वी मिळाला असता तर! आम्ही राजापूरकडचे. माझं यंत्र असंच घरचं. जांभ्यात दात रुतवले, लिव्हर ओढला, आणि खडक जागेवर, मीच ट्रॅक्टरसकट मागे खड्ड्याकडे निघालो. वाडीतली पोरं हसून हसून पडली.

दातांबद्दल एक: घरी पट्टी कापून दात बनवू नका. तासाभरात बोथट. मोठ्या यंत्रांचे तयार दात आणि अडॅप्टर सुटे मिळतात, त्यातले सगळ्यात लहान घ्या. नऊ इंची बकेटीला तीन पुरतात. बकेट रुंद करायचा मोहही नको, अरुंद बकेट मुरमात शिरते, रुंद बकेट नुसती खरवडते.

---

माळरान_ताई
१६ नोव्हेंबर, दुपारी २:१५

मीही डाळिंबवालीच, आटपाडीकडची. सगळ्यांचे हिशेब वाचले, छान आहेत, पण एक हिशेब कुणीच मांडला नाही. दादा, वर्षाला किती तास खोदाई आहे तुमची? आमच्याकडे जेसीबी तासाला हजार-बाराशे घेतो. पन्नास तास धरले तरी पन्नास-साठ हजार. सिलिंडर सहा, लिव्हरचा ब्लॉक, होज पाइप, लोखंड, तेल, मजुरी मिळून तुमचा खर्च लाखाच्या पुढे जाणार. त्यात घरच्या दोन माणसांचे तीन महिने धरलेच नाहीत. हौस आहे म्हणा, मी काही बोलणार नाही. माझ्या नवऱ्यालाही आहे :)

---

डाळिंबवाला_सांगोला
१६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताई, हौस आहेच, खोटं कशाला बोलू. पण चाळीसेक तास खोदाई आहे आणि जेसीबी बागेत घुसत नाही हे खरं कारण. ओळीत चौदा फूट अंतर, झाडांचा घेर वजा जाता सात फूट मोकळे. गेल्या साली एक झाड काढायला आणला तर जाता-येता दोन्हीकडच्या फांद्या आणि ड्रिपची लॅटरल मोडून गेला. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर "उद्या येतो" म्हणणारा जेसीबीवाला आणि लग्नातला फोटोग्राफर, दोघांचा उद्या कधी उगवत नाही.

---

उसाचा_फड
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४४

फोटो???

---

कुरकुंभचा_फिटर
१७ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मी कारखान्यात हायड्रॉलिक मेंटेनन्सला आहे. तेल आणि पाइप याविषयी लिहितो, कारण घरच्या यंत्रांत लोक इथेच पैसे वाचवतात.

टाकी ३५ लिटरची तरी करा. पंप मिनिटाला जेवढं तेल फिरवतो त्याच्या दुप्पट. रिटर्नचा पाइप तेलाच्या पातळीखाली सोडा, वरून धार पडली की फेस. सक्शन आणि रिटर्न यांच्यामधे आडवी पट्टी, म्हणजे गरम तेल लगेच परत ओढलं जात नाही. सक्शनचा पाइप एक इंची, आखूड, टाकी पंपाच्या वर. सक्शन बारीक असलं की पंप खडे भरडल्यासारखा आवाज करतो. तो आवाज आला की चालवत बसू नका, आत धातू खाल्ला जात असतो. सक्शनला जाळी, रिटर्नला २५ मायक्रॉनचा फिल्टर. टाकी वेल्डिंग करून झाली की आतली खपली आणि छर्रे पुसून काढा. कापसाचा बोळा नको, त्याचे धागे व्हॉल्व्हमधे जातात.

तेल ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक. सांगोल्याच्या मे महिन्यात त्याखाली जाऊ नका. इंजिनाचं जळकं तेल टाकणारेही पाहिलेत, त्यांच्याविषयी इथे लिहिता येणार नाही.

प्रेशरचे होज दोन जाळ्यांचे, म्हणजे आर-२. ३/८ इंचीचा कामाचा दाब ३३० बारपर्यंत असतो, तुमच्या १५० ला भरपूर. लिव्हरचा ब्लॉक ओपन सेंटर घ्या, सहा लिव्हरचा: स्विंग (बूम डावी-उजवीकडे फिरवायला), बूम, हात, बकेट आणि दोन पाय. ओपन सेंटर म्हणजे लिव्हर मधे असताना तेल मोकळं टाकीत परत जातं, पंपावर भार नाही. रिलीफ सेट करताना स्क्रू आधी पूर्ण ढिला, ० ते २५० बारचं ग्लिसरीन भरलेलं गेज लावा, एक सिलिंडर टोकापर्यंत नेऊन लिव्हर धरून ठेवा आणि पाव पाव आट्याने वाढवा. अंदाजाने कधीही नाही.

आता खरं सांगायचं ते. गळती हाताने शोधायची नाही. माझ्या सोबतच्या एकाने होजवर नुसता तळहात फिरवला. सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्याला टोचल्यासारखं वाटलं, रक्तसुद्धा नाही, हसत जेवायला गेला. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. तेल कातडीखाली शिरलेलं असतं, ते आत पेशी मारत जातं, आणि शस्त्रक्रिया करून काढावं लागतं, तीही काही तासांत. त्याचं एक बोट गेलं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, त्यावर तेल उमटतं. आणि कुणाला असं झालंच तर "थोडं टोचलंय" असं डॉक्टरला सांगू नका, "दाबाखालचं तेल आत गेलंय" असंच सांगा.

---

माळरान_ताई
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:००

बाप रे. हा प्रतिसाद छापून शेडमधे लावते.

---

भटका_वाचक
१८ नोव्हेंबर, दुपारी १२:२५

तांत्रिक काही कळत नाही, पण धागा मस्त. अवांतर: ह्याला सगळे जेसीबीच का म्हणतात? पिवळं दिसलं की जेसीबी.

---

निवृत्त_यंत्री
१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०

जेसीबी ही आद्याक्षरं आहेत, जोसेफ सिरिल बॅमफर्ड. इंग्लंडात १९४५ साली या गृहस्थांनी भाड्याच्या गॅरेजात युद्धातल्या उरल्यासुरल्या सामानातून शेतातली ट्रॉली बांधून धंदा सुरू केला. म्हणजे तेही मूळचे आपल्या डाळिंबवाल्यांच्याच जातीचे. १९५३ च्या सुमारास त्यांनी ट्रॅक्टरला मागे खोदायची बकेट जोडली. अमेरिकेत ट्रॅक्टरवरच्या हायड्रॉलिक बकेटी त्याआधीच, १९४० च्या दशकाच्या अखेरीस आल्या होत्या. भारतात कंपनी १९७९ पासून आहे.

घरच्या यंत्रांच्या बाबतीत आपल्या शेजारी गुजरातचे मनसुखभाई जगानी. अमरेली जिल्ह्यातल्या या गृहस्थांनी बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि औत लावलं, बुलेट सांती. सौराष्ट्रात ती अजूनही दिसते.

---

लेथमास्तर
१९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

अवांतर पुरे, लोखंडाकडे या.

सब-फ्रेम मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीला वेल्ड करू नका. जीपच्या अ‍ॅक्सलची नळी वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते, मग आतला शाफ्ट आणि बेअरिंग खातं. यू-बोल्टने बांधा, आणि तिथून दोन्ही बाजूंनी चॅनेल पुढच्या अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटपर्यंत न्या. बूमला १०० बाय १०० ची सहा मिमी बॉक्स. बॉक्सवर आडवं वेल्डिंग टाळा, विशेषतः वरच्या अंगाला, कारण बूमने भार उचलला की वरचं अंग ताणलं जातं आणि आडव्या वेल्डच्या कडेपासूनच तडा सुरू होतो. पट्टी लावायचीच तर टोकं तिरकी, माशाच्या शेपटीसारखी कापा. वेल्डिंगचे रॉड ७०१८, आणि वापरायच्या आधी गरम करून कोरडे. पिना ईएन-८ पोलादाच्या, ३० मिमी, बुश बसवून, प्रत्येक बुशला ग्रीस निपल. पिना थेट प्लेटच्या भोकात घातल्या की एका हंगामात भोकाचं अंडं होतं.

सगळ्यात जास्त मार कुठे बसतो? लोक म्हणतात बकेटीला. चूक. स्विंगच्या पोस्टला. भरलेला हात बाजूला फिरून थांबतो तेव्हा तो धक्का सगळा त्या एका उभ्या पिनेवर. ती ४० ची करा, वर-खाली दोन्हीकडे जाड प्लेट.

---

डाळिंबवाला_सांगोला
२ मार्च, रात्री १०:१५

मंडळी, धागा वर काढतोय. गायब झालो नव्हतो, बहार धरला होता, आणि उरलेल्या वेळात शेडमधे.

यंत्र उभं राहिलं. ११ सीसी पंप, पेडेस्टल, स्पायडर कपलिंग. बेल्टला ढिला-ताण करायचा लिव्हर लावलाय, टिलरला असतो तसा, म्हणजे हँडल मारताना पंप सुटा राहतो. पहिल्या दिवशी हे केलं नव्हतं, जानेवारीच्या थंडीत तेल काकवीसारखं घट्ट, हँडल मारून भावाचा खांदा धरला.

पुढे ११० किलो वजन. काँक्रीटचं ओतलं, पत्र्याच्या डब्यात. तरी पहिल्याच झाडाला पुढची चाकं वीतभर उचलली. मग काकांचा तराजू आठवला, हात लांब करून ओढायच्या ऐवजी ट्रॅक्टर चार फूट मागे घेतला, पाय पुन्हा टेकवले, झाड आलं. मुळं तोडून मग ओढायचं, नुसतं ओढायचं नाही, हेही कळलं. अडीच तासांत सहा झाडं.

तेल दुपारी हात लावता येणार नाही इतकं तापलं. माझीच चूक, रिलीफवर लिव्हर धरून बसत होतो, जणू धरून ठेवलं की दगड दया करेल. आता रिलीफची किंचाळी आली की सोडतो.

ताई, खर्च १ लाख ३८ हजार. घरात ९५ सांगितलाय. तुमच्या साहेबांना सांगू नका.

अडचण एक उरली. स्विंग फार जोरात फिरतो. लिव्हर जरा हलवला की बूम धाडकन टोकाला. पोस्टची पिन अजून शाबूत आहे, पण त्या आवाजाने माझ्याच छातीत धस्स होतं.

---

कुरकुंभचा_फिटर
२ मार्च, रात्री १०:५०

अभिनंदन! स्विंगच्या दोन्ही पोर्टवर रिस्ट्रिक्टर (तेलाची वाट अरुंद करणारा तुकडा) टाका. बाजारी नको असेल तर मास्तरांकडून फिटिंगच्या आत बसणारी बुशी करून घ्या, मधे दोन मिमीचं भोक. जास्त संथ वाटला तर थोडं मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही. बसवताना सगळे पाय आणि बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, आणि लिव्हर चारदा हलवून दाब सोडा, मगच नट उघडा.

---

लेथमास्तर
३ मार्च, सकाळी ६:५५

थ्रेड कुठला ते कळवा, बीएसपी ३/८ का १/२. चार नग करून कुरिअर करतो. पैशांचं नंतर बघू, डाळिंब पाठवा.

---

उसाचा_फड
३ मार्च, सकाळी ९:३०

चार महिने झाले. फोटो.

---

डाळिंबवाला_सांगोला
३ मार्च, रात्री ९:२०

मास्तर, ३/८ आहे. डाळिंबं जूनमधे.

फडवाले, काढले होते हो, पण तेव्हा रंग दिला नव्हता. भाऊ म्हणतो पिवळा द्यायचा. मी म्हणतो पिवळा दिला तर अख्खं गाव खोदाई मागायला येईल. तो वाद मिटला की टाकतो.